तुझा फेडरर, माझा नदाल

म्हसावद,
१२ फेब्रुवारी

प्रिय दीपचंद,

खुशाली विचारत नाही. तू अन्न सोडलंस त्याला आज बारा दिवस झाले, खुशाली डोंबलाची विचारायची. काल तुझ्या रिषभचा दोनदा फोन आला. संथारा घेतल्यापासून तू सगळ्यांना खमतखामणा केलास म्हणे. दुकानातल्या नोकरांना, भाडेकरूला, वीस वर्षं ज्याच्याशी बोलत नव्हतास त्या चुलतभावालाही. आणि रोज माझी चौकशी करतोस, पाटलाचा निरोप आला का. नाही आला. समोरच्याने माफी मागितली की आपण द्यायची आणि आपलीही मागायची, एवढी साधी तुमची रीत. दरवर्षी तुमचं पर्युषण संपलं की मी ती पाळत आलोय, भाभींच्या हातची बर्फी खात खात. या वेळी जमेना. समोर आलो तर पुन्हा भांडेन, म्हणून लिहायला बसलो. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, रिषभला तुला वाचून दाखवायला त्रास होईल. होऊ दे.

तू संथारा घेतलास त्या दिवशी मी जे बोललो ते तुमच्या अख्ख्या गल्लीने ऐकलं. साध्वीजी समोर बसलेल्या, सोहनभाभी तुझ्या उशाशी, बायका नवकार मंत्र म्हणतायत, आणि मी दारातून ओरडलो, "पॉइंट चालू शे आनि तू रॅकेट खाले ठेवी दिनी? पळपुट्या!" सत्तर वर्षांच्या, बेचाळीस किलोवर आलेल्या माणसाला मी पळपुट्या म्हणालो. तू डोळे उघडून हसलास, त्याने माझं डोकं आणखीच फिरलं. शहाद्याच्या बसस्टँडपर्यंत अनवाणी गेलो, एवढंही भान नव्हतं. घरी आल्यावर आमच्या चेतनाच्या आईने पाय बघितले, पाणी गरम करून दिलं आणि म्हणाली, "तुम्हले राग नही शे, भ्याव शे." बाई कमी बोलते, पण बोलते ते लागतंच. रात्रभर पाय ठणकत होते.

तुझ्याशी पहिलं भांडण आठवतंय का? पुरुषोत्तमनगरला, साखर कारखान्याच्या कॉलनीत, गेस्ट हाऊसमागचं ते मुरुमाचं कोर्ट. मी लॅबमध्ये केमिस्ट, नवीन नवीन रुबाब. तू शहाद्याचा कापडवाला शेठ, स्कूटरवर आलास, इस्त्रीची पांढरी पँट घालून. आल्या आल्या खराटा मागितलास आणि बेसलाइनवरच्या मुंग्या हळूहळू बाजूला सारत बसलास, पायाखाली येऊ नयेत म्हणून. मी घड्याळ बघतोय, माझी आठची शिफ्ट. हा माणूस पंधरा दिवसही टिकणार नाही, असं मी तोंडावर म्हणालो होतो. छत्तीस वर्षं टिकलास. खेळ झाल्यावर मी तांब्याभर पाणी ढोसायचो आणि तू सूर्य नीट वर येईपर्यंत कोरड्या घशाने बसून राहायचास. चातुर्मासात तर खेळणंच बंद, जमिनीत जीव फार असतात म्हणून. ते चार महिने मी एकटा गोडाऊनच्या भिंतीवर चेंडू आपटायचो आणि तुला शिव्या घालायचो. क्लबातल्या विजेत्यांच्या लाकडी फळीवर वीस वर्षांत अकरा वेळा माझं नाव लागलं, नऊ वेळा तुझं. तिसऱ्या माणसाला आपण जागाच दिली नाही. मग पोरं आली आणि फळी त्यांची झाली.

मग आपलं भांडण टीव्हीवर गेलं. फेडरर तुझा, नदाल माझा. तू म्हणायचास, फेडरर चेंडूमागे जात नाही, चेंडू येणार तिथे आधीच उभा असतो. चेंडू उसळून वर चढत असतानाच मारतो, खाली यायची वाट बघत नाही, म्हणून त्याच्याकडे नेहमी वेळ असतो. पाय वाजत नाहीत, शर्ट भिजत नाही. त्याचा तो एका हाताचा बॅकहँड बघताना तू खुर्चीत बसल्या बसल्या खांदा फिरवायचास आणि भाभी हसायच्या. मी म्हणायचो, देखणेपणाने पॉइंट मिळत नसतात. आमच्या गड्याने डाव्या हाताने मनगट असं गरगरवून मारावं, चेंडू फेडररच्या खांद्याएवढा उडावा, की तुझा तो देखणा बॅकहँड तिथेच लंगडा. पॅरिसच्या मातीवर एकदा तरी हरवलं का त्याने आमच्याला? यावर तू विम्बल्डनचं गवत काढायचास, मग मेलबर्न. सहा महिने गुडघा धरून घरी बसलेला माणूस पस्तिसाव्या वर्षी येतो आणि त्याच बॅकहँडने नदालला पाच सेटमध्ये पाडतो. ते सांगताना तुझा चहा गार व्हायचा. त्या मॅचचं माझ्याकडे आजही उत्तर नाही, हे आता लिहून देतो.

खरं तर त्या दोघांच्या नावाने आपण आपल्याबद्दलच बोलत होतो. तू कट मारलेला चेंडू मुरुमावर पडला की मरून जायचा, उसळायचाच नाही. तो उचलायला मी धावायचो, पडायचो, मेंदीच्या कुंपणात घुसायचो. माझ्या दोन्ही गुडघ्यांवर एवढे वण आहेत की ऑपरेशन करणारा डॉक्टरही विचारात पडला होता. आणि तू? हाताला लागणार नाही असा चेंडू तुला लांबूनच कळायचा. पाऊलही हलवायचा नाहीस. रॅकेटवर दोन टाळ्या देऊन पुढच्या पॉइंटच्या जागेवर जाऊन उभा. मला त्याचा भयंकर राग यायचा, दीपचंद. मला वाटायचं, हा माणूस माझ्याशी पूर्ण खेळतच नाही, अर्धं काहीतरी राखून ठेवतो. अरे धाव की, न का मिळेना. किती वेळा म्हणालोय मी हे.

बावीस सालच्या जूनमध्ये नदालने पायाची नस बधिर करणारी इंजेक्शनं घेत घेत पॅरिस जिंकलं. मी शहाद्याला पेढे घेऊन आलो होतो, सूर्यास्त झाला म्हणून तू ते दुसऱ्या दिवशी खाल्लेस. त्याच सप्टेंबरात फेडररचा शेवटचा सामना, डबल्सचा, दोघं एकाच बाजूला. आपल्याकडे पहाट झालेली, मी म्हसावदहून मोटारसायकलने तुझ्याकडे आलो. हरले. मग दोघं शेजारी बसून रडले. तू शांत होतास, एवढंच म्हणालास, वेळेवर गेला. आणि मी मात्र भाभींच्या देखत उपरण्यात तोंड घालून रडलो, तुझ्या माणसासाठी. नदाल पुढे दोन वर्षं दुखणी काढत राहिला आणि शेवटचा एकेरी सामना हरूनच थांबला. त्या दिवशी तू फोन केलास, पण मला टोमणा मारला नाहीस, जेवलास का म्हणून विचारलंस.

मग गेला ऑगस्ट. पोट दुखतं म्हणून सुरतला नेलं तर डॉक्टरने केमोचे सहा डोस सांगितले. वाढलंय फार, थोडेफार महिने मिळतील, हेही सांगितलं. रिषभला दुकान सोडवेना, भाभींना गाडी लागते, म्हणून प्रत्येक वेळी मीच तुझ्यासोबत. गाडीत मी तेच पुराण लावायचो. नदालने पायात सुया टोचून घेतल्या, कप नेला ना घरी? पहिल्यांदा तू ऐकून घेतलंस. दुसऱ्या डोसनंतर तोंड एवढं सोललं की तुला नवकार म्हणता येईना. परतीच्या वाटेवर सोनगडजवळ गाडी थांबवायला लावलीस. त्याच्यापुढे कप होता पाटील, माझ्यापुढे काय आहे, असं म्हणालास. मी म्हणालो, मी आहे. तू म्हणालास, आता पुरे, उरलेले दिवस मला शुद्धीत आणि नवकार म्हणत काढू दे, पण रिषभला हे तू सांग, पोराच्या तोंडावर माझ्याने सांगवणार नाही. मी हो म्हणालो. तुझ्या हातावर हात ठेवून हो म्हणालो.

आता ऐक. रिषभ, बेटा, तू वाचतोयस, तर इथे आवाज खाली घेऊ नकोस, त्यांना ऐकू जाईल असं वाच. मी सांगितलंच नाही. त्या संध्याकाळी दुकानात जाऊन रिषभला म्हणालो, तुझे बाबा वाघ आहेत, सहाच्या सहा घेणार म्हणतात. आणि दुसऱ्या दिवशी तुला येऊन म्हणालो, रिषभ ऐकत नाही, रडतोय, त्याच्यासाठी तरी घे. दोघांशी खोटं बोललो. तू मान हलवलीस आणि पोरासाठी आणखी चार वेळा ती सुई घेतलीस. ते दिवस कसे गेले ते मी पाहिलंय, बादली मीच धरायचो. तू गेल्यावर मी कोणाशी भांडू, म्हणून केलं. दुसरं काही कारण नव्हतं. आणि तू सगळ्या जगाला खमतखामणा करतोस, पण रिषभ पाणी पाजायला आला की तोंड भिंतीकडे वळवतोस. हे तो मला काल फोनवर रडत सांगत होता, काकासा, माझं काय चुकलं म्हणून विचारत होता. त्याचं काही चुकलेलं नाही, दीपचंद. त्याने तुला एका डोससाठीही ओढलं नाही, तुझी इच्छा समजूनच तो गप्प बसला. मला माफ कर किंवा करू नकोस. उद्या सकाळच्या बसने येतोय, रिषभला काय बोलायचं ते त्याने माझ्या तोंडावर बोलावं, मी ऐकून घेईन. आधी तू भिंतीकडून तोंड फिरव आणि त्याच्या हातचं पाणी घे.

तुझाच,
गिरधर