मंडल्यापर्यंत आणि परत

१७ नोव्हें., रवि.
बरेल्यापर्यंत जाऊन आले. चाळीस कि.मी. परतताना चढावर उतरून सायकल ढकलली. मग रडायला आलं. रडता रडता सायकल चालवता येते, हे आज कळलं.
घरी आईंनी गरम पाणी काढून ठेवलेलं. सुहास मला सोडून भोपाळला त्या बाईकडे राहायला गेला, त्याची आई मात्र माझ्याकडेच राहिली. नातेवाइकांना हे समजत नाही. मलाही रोज समजतं असं नाही.

२४ नोव्हें.
सायकल ग्रुपच्या मिश्रा भैयांनी जानेवारीच्या राइडला नाव द्यायला लावलं. जबलपूर-मंडला-जबलपूर, दोनशे कि.मी., साडेतेरा तासांत. "मॅडम, हो जाएगा. बस रुकना मत." बेचाळीस वर्षांची भूगोलाची मास्तरीण मी. जिना चढले तरी धाप लागते.
आईंना सांगितलं.
"काहून गं? कोणाला दाखवायचंय?"
कोणालाच नाही, म्हटलं.
"मग जा."

८ डिसें.
मझौली. एवढं लांब पहिल्यांदाच. रस्ताभर मटारच्या पोत्यांचे ट्रॅक्टर. बोटं बधिर, अजून पेन नीट धरता येत नाही.
आई पायांना तेल लावून देत होत्या. मान खाली घालून म्हणाल्या, "माझ्या पोरानं चांगलं नाही केलं." इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मी दुसरा पाय पुढे केला. बोलले असते तर थांबले नसते.

१९ डिसें.
सुहासचा फोन. मला नाही, आईंना. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर. आईला न्यायला येतो म्हणे. फ्लॅट मोठा आहे, डॉक्टर जवळ आहे. "शेवटी आई माझी आहे ना."
आई नुसत्या "अच्छा… अच्छा" करून राहिल्या होत्या.
तो घर सोडून गेला तेव्हाही मी इतकी घाबरले नव्हते.

२० डिसें.
विचारलंच, तुम्हाला जायचंय?
"आषाढापासून त्याचं तोंड नाही पाहिलं गं."
मी भांडी आपटली. मग लाज वाटली. सायकल काढली नाही.

५ जाने.
दीडशे. शेवटी उलटा वारा, मान धरली.
सुहास शनिवारी येतोय, राइडच्या आदल्या दिवशी. रविवारीच निघू म्हणत होता. आई फोनवर त्याला म्हणाल्या, "रविवारी तिची सायकल आहे. मी सोमवारी निघीन." तो म्हणाला, "कुठली सायकल?"

११ जाने., शनि.
आला. हॉटेलात उतरलाय. चहा घेतला. "बारीक झालीस."
राग येईल वाटलं होतं. आला नाही. त्याची कॉलर मागून दुमडलेली होती, हात आपोआप तिकडे निघाला. मग बशा उचलल्या.

१२ जाने., रवि.
मंडल्याला वेळेत पोचले. नर्मदा बघत केळं खाल्लं, वाटलं जमतंय. परतीत पोटात मुरडा. दोनदा ओकले. बरेल्याच्या आधीच अंधार. मिश्रा भैयांचा फोन, "गाड़ी भेज दूँ?" नको म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही.
वीस मिनिटं उशीर. राइडच्या कार्डावर शेवटचा शिक्का नाही मिळाला.
राइट टाउनमध्ये, जिथे राइड संपते तिथे, आई! शाल गुंडाळून, ऑटोने आल्या होत्या. सुहास मागे उभा.
"कितवी आली?"
शेवटची, म्हटलं.
"बरं. घरी चल, कपडे गार झालेत."
सुहासने सायकल धरायला हात पुढे केला. आई म्हणाल्या, "राहू दे. तिची आहे ती."
मग मात्र रस्त्यावरच बसून रडले. दोघंही उभे होते. कोणाचाच हात पुढे आला नाही.

१३ जाने., सोम.
सुटी टाकली. पाय उचलत नाहीत.
आईंची बॅग काल रात्रीच भरलेली. सकाळी बघते तर तीळ भाजत बसलेल्या. उद्या संक्रांत.
सुहास ऑटो घेऊन आला. "चल आई, गाडी चुकेल."
"अर्धे तीळ राहिले रे."
तो दारात उभा आहे. ऑटोवाला हॉर्न देऊन राहिला आहे. आई मंद आचेवर तीळ हलवून राहिल्या आहेत, मान वर करत नाहीत.
मी इकडे खोलीत येऊन लिहायला बसले. तिथे थांबले असते तर "जाऊ नका" म्हटलं असतं.