कुंकू नव्हे, लाल ठिपका

नवमी, संध्याकाळ

बाबाले सांगू कसं? उद्या दसरा. पूजेत मांडायची म्हणून दुपारी त्यांची जुनी इलेक्ट्रिक हवाईयन गिटार पुसायला घेतली. तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपचे, घोड्याच्या नालासारखे दोन मॅग्नेट काढले. एकावर लाल ठिपका होता. मले वाटलं मागच्या दसऱ्याचं कुंकू, घासून काढलं. परत बसवताना दोन्ही गपकन चिकटले. मी म्हटलं, बसले बरोबर.

पाच वाजता बाबांनी स्पीकर लावून तार छेडली. आवाज एकदम बारीक. दोनदा वाजवलं, मग हळूच म्हणाले, "कानच गेले वाटते माझे." गिटार तशीच ठेवून आत जाऊन पडले. मी गिटार घेऊन बसली.

कुंकू कुठं एवढं घासावं लागतं? रंग होता तो. बाबांनीच लावलेला, कोणती बाजू कुठं ते कळायला. आणि काढताना तर दोन्ही मॅग्नेट एकमेकाले ढकलत होते! मग चिकटले कसे?

आत्ता एक उलटा करून बसवला. ढकलू लागले. मग तार छेडली.

आतून बाबा ओरडले, "कोण वाजवून राहिलं एवढ्या जोरानं?"