पांढऱ्या काठाची आयव्ही

१२ जानेवारी, मस्कत
रजा संपली, परत आलो. ही शेवटची खेप. श्रीवर्धनला अम्मीच्या सुपारीच्या वाडीत आयव्ही लावून आलोय. पांढऱ्या काठाची. आमच्या हॉटेलच्या लॉबीत हीच वेल हाय, पानं मीच पुसतो. म्हणजे अनुभव हाय. काशीदचे बंगलेवाले रोपं विकत घ्यायला रांग लावतील. मे महिन्यात राजीनामा. फायनल.

३ फेब्रुवारी
अम्मी फोनवर म्हणाली, वेल सुपारीवर चढवली, मिरी कधी धरणार? म्हटलं, मिरी न्हाय, शोभेची हाय. म्हणाली, शोभेला तूच ये की घरी.

२० मार्च, ड्यूटीनंतर
बहिणीने, हफ्साने, व्हिडिओ पाठवला. नवी पानं नुसती हिरवी. पांढरं गेलं कुठे? तिचा मोबाइल खराब असणार.

२ एप्रिल
यूट्यूबवर एक गोरा सांगतो, फार अंधारात पांढरं जातं, हिरवे फुटवे कापा. त्याला सुपारीची सावली काय ठाऊक! कापलं तर उरणार काय? हॉटेलने फेकलेली आयव्हीची मरतुकडी कुंडी रूमच्या खिडकीत ठेवलीय. पाणी आठवलं तर. मोजे वाळवायला बरी.

२८ मे
जिंकलो! आजच्या व्हिडिओत पानंच्या पानं पांढरी. काठ सोडा, मधेसुद्धा! तडक राजीनामा दिला. मॅनेजर म्हणाला, विचार कर. म्हटलं, विचार जानेवारीतच झाला. अम्मीला सांगितलं, कायमचा येतोय. ती नाक ओढत राहिली. मग म्हणाली, तुझी खोली झाडायला घेते.

३० मे
कळलं. आमच्या सुपाऱ्यांवर चढणारा कान्हा पावसाआधीचा मोरचूद-चुना, बुरशीचं औषध, फवारून गेला. मारला शेंड्याला, गळला वेलीवर, तेच ते पांढरं. त्याला फोनवर विचारलं, टिकेल का? म्हणाला, भाई, सुपारीवरच टिकत न्हाय, म्हणून तर परत मारतो. तरी आशा हाय.

९ जून
तिकडे पाऊस. वेल हिरवीगार. अम्मी म्हणाली, हिरवी तर हिरवी, तू कधी निघतोस? म्हटलं, रेंज न्हाय.

१० जून
राजीनामा मागे घेतला. अजून दोन वर्षं. मॅनेजर हसला न्हाय, चांगला माणूस. रूमवर येऊन मोजे काढले तर खिडकीतल्या कुंडीला नवी पानं. पांढऱ्या काठाची, एकदम झकास! म्हणजे मी बरोबरच होतो, जागा चुकली. अम्मीला फोटो पाठवला, सांगितलं, आता हिला सोडून कसा येऊ, पाणी कोण घालणार?
अम्मीने फोटो बघितला. मग म्हणाली, झाडलेली खोली हफ्साला देऊ?
म्हटलं, दे. तात्पुरती.