बुडीत खर्च आणि माझा रांजण

३ ऑगस्ट
छे! मातीकाम शिकायला आले आणि पदरात काय पडलं — अर्थशास्त्र! कॉलेजचा नियम, दुसऱ्या शाखेचा एक विषय घ्यायचाच. नृत्य भरलं, संगीत भरलं, हेच उरलं. दादा फिदीफिदी हसला. "तू आणि अर्थशास्त्र? अरे देवा!"

५ ऑगस्ट
तास दुपारचा. मी खिडकीतून ढग बघत होते — नुकते चाकावरून उतरवल्यासारखे ओले. बाई मागणी म्हणाल्या की पुरवठा, कोण जाणे.

११ ऑगस्ट
रांजणाला चीर गेली. माझ्या कमरेएवढा झालाय, वाळलाय, पण भाजायचा राहिलाय. ओली माती भरली, बोटाने लिंपलं, गोंजारलं. मातीकामाचे सर म्हणाले, "भट्टीत ही परत उघडणार. सोड नाद." सोडू कशी? अख्खा उन्हाळा घातलाय त्याच्यात!

रात्री आईचा फोन. आई-बाबा डिसेंबरातल्या माझ्या लग्नासाठी हॉल बघून आले. माझा होणारा नवराही गेला होता. मी त्याला विचारलं, आवडला का? "ठीक आहे." हल्ली आम्ही एवढंच बोलतो. शाळेपासूनची ओळख, नवीन काय बोलणार — अशी मी मनाची समजूत घालते.

१९ ऑगस्ट
आज बाईंनी फळ्यावर लिहिलं — बुडीत खर्च. जे गेलं ते काही केल्या परत येत नाही, म्हणून पुढचं ठरवताना ते धरायचंच नाही. पुढे काय लागेल, काय मिळेल, तेवढंच बघायचं. "सिनेमा रटाळ असेल तर सरळ उठा! तिकीट गेलंच आहे, संध्याकाळ कशाला घालवता?" सगळे हसले. मी मात्र वहीच्या कोपऱ्यात रांजण काढत बसले.

२० ऑगस्ट
रांजण फोडला. तुकडे पाण्याच्या टबात सोडले. कोरडी माती बारीक बुडबुडे सोडत आपोआप विरते. ऊन सरकत गेलं, मी बघत बसले. किती शांत वाटलं! आता हिचं पुन्हा काहीही होईल.

आणि मग तेच आलं मनात. त्याच्याशीच लग्न का? शाळेपासूनची ओळख, म्हणून. दुसरं कारण आठवेना. खूप रडले.

२३ ऑगस्ट
बागेतल्या बाकावर त्याला सांगून टाकलं. लग्न नको. तो म्हणाला, "मीही कधीचा म्हणणार होतो गं. पण इतकी वर्षं झाली, म्हणून..."

आम्ही दोघंही हसत सुटलो! मग अंधार पडेपर्यंत बोलत बसलो. असं कधी बोललोच नव्हतो.

लग्न मोडलं. उद्या परत भेटायचं ठरलंय.