सॉनाच्या वाटेखालचा पाइप

मंगळवार, ४ फेब्रुवारी. सकाळी ६.
उणे एकतीस. नळ गोठू नयेत म्हणून स्वयंपाकघरातला नळ बारीक धार सोडून ठेवला होता. सगळे नळ शाबूत. नाश्त्याआधी घरापासून सॉनापर्यंतची, म्हणजे परसातल्या वाफेच्या न्हाणीघरापर्यंतची वाट फावड्याने गवत दिसेपर्यंत साफ केली. इतकी सरळ वाट आमच्या रस्त्यावर दुसऱ्या कोणाची नाही.

संध्याकाळी ५.
तळघरातल्या मोरीतून पाणी वर येतंय. लोरेन म्हणाली, सेप्टिक टाकीकडे जाणारा पाइप गोठलाय, बर्निसला फोन कर. बर्निस म्हणजे स्टीमचं मशीन घेऊन गोठलेले पाइप मोकळे करत फिरणारी बाई. मी म्हणालो, नवरा घरात असताना बर्निस कशाला. लोरेन म्हणाली, नवरा घरात आहे म्हणूनच.

शनिवारी जोलीन येतेय. लेकीचं पहिलं बाळ, पाच आठवड्यांचा एमेट, आजोळी पहिल्यांदाच राहणार. पाळण्याला मी स्वतः रंग दिलाय. पाइप सॉनाच्या वाटेखालून जातो, चाळीस फूट; हातात चार दिवस. रोज दहा फूट. घाई करण्यासारखं काही नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी.
उकळत्या पाण्याच्या सहा किटल्या कमोडमध्ये ओतल्या. पाणी खाली जाण्याऐवजी वर आलं. लोरेनने काही न बोलता पुसलं. माझ्यावर विश्वास आहे तिचा.

आंघोळ सॉनात होते, त्याची अडचण नाही. बाकीच्यासाठी चर्चमध्ये जातो, तीन मैल. पास्टर दारातच भेटले. म्हणाले, व्हर्नर, आठवड्याच्या मधेच? बरं वाटलं बघून. मी म्हणालो, आतून ओढ लागली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी. दुपारी.
बागेची रबरी नळी गरम पाण्याच्या नळाला जोडून तळघरातून पाइपात सारली. चौदा फूट आत गेली. मोहीम फत्ते. आनंदात जेवायला वर गेलो. कॉफी दोन कप झाली.

दुपारी ३.
नळी आतच गोठून बसली. ओढली तर तुकडा हातात आला. पण अडथळा नेमका कुठे आहे हे आता नक्की कळलं. हे इतर कोणाला जमलं नसतं.

चर्चमध्ये आज दोनदा. पास्टरनी मला पॅनकेकच्या जेवणाच्या समितीवर घेतलं. आत जायची घाई होती, हो म्हणून टाकलं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी. सकाळी ९.
जोलीनचा फोन. म्हणाली, बाबा, संडास बंद असेल तर आम्ही सासूबाईंकडेच उतरतो, वाईट वाटून घेऊ नका. मी म्हणालो, काम संपत आलंय. फोन ठेवल्यावर लोरेन पाळण्यातली चादर उगाचच पुन्हा सारखी करत बसली. मला फार वाईट वाटलं. आज काहीही करून पाइप सोडवायचाच.

दुपारी १.
वाटेवर गवताचा पेंढा पसरून पेटवला. जमीन तापेल, पाइप सुटेल. सॉनाचं दार थोडं काळं झालं. जमीन होती तशीच.

दुपारी ३.
बर्निस आली. मी बोलावलं नव्हतं. लोरेनने मंगळवारीच फोन करून नंबर लावला होता म्हणे, तो आज लागला. चाळीस मिनिटांत पाइप मोकळा, माझ्या नळीसकट. मग तिने विचारलं, पाइपावरचा बर्फ कोणी काढला? तो बर्फ म्हणजे जमिनीचं पांघरूण. आणि नळाची बारीक धार कोणी सोडली? ती पाइपात पोचून थरावर थर गोठत जाते. लोरेनने माझ्याकडे पाहिलं. मी घर तापवायच्या भट्टीकडे पाहिलं.

ती गेल्यावर वाटेवर बर्फ परत टाकला. सरळ टाकला.

शनिवार, ८ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.
आले सगळे. एमेटने माझं बोट धरलं, सोडेना. त्याच्या आंघोळीचं पाणी गुडगुड न करता निघून गेलं. इतकं गोड मी काही ऐकलेलं नाही.

जोलीनने विचारलं, शेवटी कोणी सोडवला पाइप? मी तोंड उघडायच्या आत लोरेन म्हणाली, तुझ्या बाबांनी, चार दिवस झटत होते. मला भरून आलं. पस्तीस वर्षांच्या संसारात तिने असं कधी म्हटलं नव्हतं. जोलीनने गळ्यात हात टाकले.

मग म्हणाली, बरं झालं बाबा, आमच्या घरचा पाइपही कालपासून तुंबलाय, परक्या माणसाला कशाला बोलवायचं. लोरेन म्हणाली, मंगळवारी येतील ते, नळी घेऊन. आणि शांतपणे सगळ्यांना ॲपल पाय वाढू लागली.

बर्निसचा नंबर लोरेनच्या वहीत आहे. तिच्याकडे तो कसा मागायचा, ते अजून सुचलेलं नाही.