सर्वांत सुरक्षित जागा

२ सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळ
आजपासून रोजनिशी. नवी वही, निळं प्लास्टिकचं कव्हर, मागे कागद ठेवायला कप्पा. रोज फक्त सात ओळी, न चुकता.

कारण: आज भिंगरीच्या शाळेत बोलावलं होतं. भिंगरी म्हणजे आमची मुलगी, वय दहा, एका जागी बसत नाही म्हणून हे नाव. काउन्सेलर मॅडम म्हणाल्या, तपासण्यांचा रिपोर्ट आलाय. बुद्धी वयाच्या खूप पुढे आहे आणि लक्ष जागेवर राहत नाही, ए.डी.एच.डी. दोन्ही एकाच मुलीत. हा आळस नाही, हट्टही नाही, तेव्हा रागावणं कमी करा. शाळा मदत करायला तयार आहे. गणिताला दोन इयत्ता वरच्या वर्गात बसवणार, परीक्षेत जादा वेळ, मध्ये उठून फिरायची मोकळीक. त्यासाठी पालकांच्या सहीचा फॉर्म ३० सप्टेंबरच्या आत द्यायचा. नंतर यंदाची यादी बंद.

घरी येईपर्यंत भिंगरीने चार वेळा विचारलं, वरच्या वर्गात खरंच बसवतील का. फुटपाथच्या कडेवरून तोल सावरत चालत होती. मी म्हटलं, बाबाने मनावर घेतलंय.

मी अकरा वर्षं बस डेपोच्या हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत आहे. माझ्या ताब्यातून आजवर एक रुमाल गहाळ झालेला नाही. हे काम म्हणजे माझ्या हातचा मळ.

सात ओळींचं उद्यापासून.

४ सप्टेंबर, बुधवार
काल लिहिलं नाही. वही दिसत नव्हती. फ्रिजवर होती, म्हणजे हरवली नव्हती, ठेवलेली होती. यात फरक आहे आणि तो लोकांना कळत नाही.

फॉर्मवर सही केली. ऑफिसची पिवळी चिठ्ठी दोऱ्याने कोपऱ्यात बांधली: ‘महत्त्वाचे. हरवू नये.’ खाली तारीख. सर्वांत सुरक्षित जागी ठेवून दिला. बायको म्हणाली, आत्ताच दप्तरात घाल, उद्या शाळेत देऊन टाकेल. मी म्हटलं, भिंगरीच्या दप्तरात? त्या दप्तरात गेलेली वस्तू माझ्या खोलीतही परत येत नाही. शुक्रवारी मी स्वतः नेऊन देईन.

९ सप्टेंबर, सोमवार
शुक्रवारी जमलं नाही. निघताना छत्र्यांचं कपाट दिसलं आणि त्या रंगाप्रमाणे लावाव्यात असं सुचलं. काळ्यांपर्यंत आलो तर संध्याकाळ झाली. काळ्याच जास्त असतात.

मुख्य योजना आजपासून. घरातल्या भिंगरीच्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी. वस्तूचं नाव, मालक, ठेवायची जागा. एकूण एकशे चाळीस. डावा बूट आणि उजवा बूट वेगवेगळे धरले. भिंगरीने विचारलं, चिठ्ठीच हरवली तर तिच्यावरची चिठ्ठी कुठे असेल. मी म्हटलं, मध्ये मध्ये बोलू नकोस.

चाळिसाव्या चिठ्ठीला दोरा संपला. आणायला गेलो. दुकानात कुलपांचे नवे प्रकार आले होते, ते बघितले. दोरा उद्या.

१४ सप्टेंबर, शनिवार
बायकोची लॅबमध्ये ड्युटी, म्हणून भिंगरीला माझ्या ऑफिसात आणलं. वीस गणितं दिली. म्हटलं, ही होईपर्यंत उठायचं नाही.

तीन केली. मग उभी राहिली, एक पाय खुर्चीवर, आणि माझ्या जुन्या नोंदवह्या वाचायला लागली. तासाभराने म्हणाली, चौदा नंबरच्या बसमध्ये वस्तू सारख्या डावीकडच्या चौथ्या रांगेत सापडतात, असं का. मी म्हटलं, योगायोग. ती उठून थेट यार्डात. मेकॅनिकला घेऊन बसमध्ये चढली, त्या सीटवर बसून पाहिलं. खाली चाक असल्याने सीट उंच आहे. पाय टेकत नाहीत. उतरताना माणूस आधी पायाखालची जमीन शोधतो आणि हातातलं मागे राहतं.

मेकॅनिक म्हणाला, साहेब, अकरा वर्षांत तुम्हाला नाही दिसलं हे? ही पोरगी आमच्याकडे पाठवा. सगळे हसले. मीही हसलो.

पण सतरा गणितं राहिलीच. मी तिला तेच सांगितलं, सगळ्यांसमोर. तोंड एवढंसं झालं तिचं. बसमधून येताना खिडकीकडे तोंड करून बसली. शिस्त लावायची तर असं होणारच.

फॉर्म सोमवारी नक्की.

२३ सप्टेंबर, सोमवार
माझी छत्री आज माझ्याच काउंटरवर आली. नऊ नंबरच्या कंडक्टरने आणून दिली. रीतसर नोंद केली, ओळख पटवली, सही करून ताब्यात घेतली. आपली पद्धत किती चोख आहे याची ही चाचणीच झाली.

बायकोला सांगितलं तर म्हणाली, भिंगरी कोणावर गेलीय हे कळायला रिपोर्टची गरज नव्हती. मी म्हटलं, तुझ्या माहेरी एक काका आहेत तसे.

फॉर्मचं काम झालेलं आहे. गेल्या आठवड्यात भिंगरीकडे दिला असणार, सकाळी डब्याबरोबर. डबा देताना हातात कागद होता हे अगदी स्पष्ट आठवतं.

दोरा आणायचा आहे.

१ ऑक्टोबर, मंगळवार
शाळेतून फोन. फॉर्म पोचलाच नाही. यादी काल बंद झाली, भिंगरीची जागा पुढच्या मुलाला गेली. आता पुढच्या वर्षी.

चार वाजता शाळेत गेलो. काउन्सेलर मॅडम आणि वर्गशिक्षिका, दोघींसमोर भिंगरीला विचारलं, फॉर्म कुठाय. तिने विचारलं, माझ्याकडे दिला होतास का. म्हटलं, हो, डब्याबरोबर. तिने दप्तर जमिनीवर उलटं केलं. एक मोजा, तीन खोडरबर, चुरगळलेले कागद, माझ्या अकरा चिठ्ठ्या. एकेक कागद मांडीवर सरळ करून बघितला. फॉर्म नव्हता. मग म्हणाली, माझ्याकडूनच हरवला असेल, मी सगळंच हरवते.

काउन्सेलर मॅडमनी मला विचारलं, तुम्ही नक्की दिला होता ना. मी म्हटलं, मॅडम, मी अकरा वर्षं हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत आहे.

येताना भिंगरी फुटपाथच्या मधोमध चालली, माझ्या बरोबरीने. कडेवर चढली नाही. मला आत कुठेतरी फार वाईट वाटलं. पण मुलांना परिणाम कळायला हवेत.

८ ऑक्टोबर, मंगळवार
फरक पडला. लिहून ठेवण्यासारखा.

भिंगरी रोज शाळेतून आली की वही घेऊन टेबलाशी बसते. एक तास. उठत नाही, प्रश्न विचारत नाही. वर्गशिक्षिकेने आज शाळेच्या डायरीत लिहून पाठवलं, ‘शांत झाली आहे.’ चिठ्ठ्यांचा गुण, दुसरं काय. आणि त्याही चाळीसच. एकशे चाळीस झाल्या तर काय होईल.

बायकोला हे पसंत नाही. तिचं म्हणणं, पोर जेवताना गुणगुणायची ती थांबली, तुझ्या लक्षात तरी आलंय का. मग फॉर्मचं पुन्हा काढलं. नीट आठव म्हणाली. मी तिच्या समाधानासाठी माझे सगळे खिसे आणि कपाट बघितलं. नव्हता. नसणारच होता.

१७ ऑक्टोबर, गुरुवार
भिंगरी आपण होऊन डेपोत आली. सापडलेल्या कागदपत्रांची पेटी मागितली, सगळी बघितली. मग सफाईवाल्या मावशींशी बराच वेळ बोलली. बापाच्या कामात पोरीला गोडी लागली, बरं वाटलं.

जाताना चौदा नंबरच्या सीटखाली सरपटून आली. गुडघे काळेकुट्ट. त्यावरून बोललो.

२६ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी साडेदहा
भिंगरी आंघोळीला गेली होती. टेबलावर तिची ती रोजची वही उघडी दिसली. अभ्यास बघावा म्हणून हातात घेतली.

अभ्यास नाही. ती फॉर्म शोधतेय. पंचवीस दिवस.

बासष्ट जागा लिहून काढल्या आहेत. प्रत्येकीपुढे फॉर्म तिथे असण्याची शक्यता, अपूर्णांकात. सगळ्यांची बेरीज एक. जागा बघून झाली की खोडायची आणि तिचा हिस्सा पहिल्या ओळीत मिळवायचा. शाळेचा जिना, खालची फट. डब्याची पिशवी. दप्तराचं अस्तर (उसवलं, परत शिवलं). कचरागाडीचे काका (विचारलं, नाही म्हणाले). बस १४, चौथी रांग डावीकडे (दोनदा). बासष्टच्या बासष्ट खोडलेल्या. पहिली ओळ अशी: ‘मी हरवला, कुठे ते आठवत नाही.’ तिच्यापुढचा आकडा वाढत वाढत पूर्ण एक झालाय.

सगळ्यात खाली आणखी एक ओळ, तिच्याभोवती चौकोन. ‘बाबा: ०. बघायची गरज नाही. बाबा काही हरवत नाही.’

डोळ्यांत पाणी आलं. दहा वर्षांची पोर, हे गणित तिला कोणी शिकवलं नाही. आणि बापावर एवढा भरवसा. ठरवलं, या पानाची नक्कल करायची आणि जपून ठेवायची. नक्कल केली. आता ती या वहीच्या मागच्या कप्प्यात ठेवतो, तिथून काही पडत नाही.

पावणेअकरा
कप्प्यात आधीच एक कागद आहे. कोपऱ्याला पिवळी चिठ्ठी. अक्षर माझं. ४ सप्टेंबर.

सव्वाअकरा
शाळेने दुसरा फॉर्म दिला असेल. नाही, सही माझी आहे.

त्या आठवड्यात ऑफिसात रोज दोन तास जास्त बसावं लागत होतं, म्हणून… हे काय लिहितोय मी.

एक करता येईल. तिच्याच सामानात कुठेतरी सरकवून द्यायचा, तिला सापडेल, खूश होईल. पण कुठे? तिने सगळ्या जागा बघून खोडल्यात. मी न बघितलेली ही एकच जागा होती, आणि ज्या वहीत ती आहे ती मी सारखी उघडत होतो.

ती बाहेर आली. केस पुसत टेबलाशी जाऊन बसली. मी ही वही मिटतोय.

२७ ऑक्टोबर, रविवार
सांगितलं. आधी बायकोला. ती उठून स्वयंपाकघरात गेली. मग भिंगरीला.

मला वाटलं, रागावेल. तिने फॉर्म घेतला, चिठ्ठी वाचली, उलटीकडून बघितली. विचारलं, म्हणजे माझ्या हातात आलाच नव्हता? म्हटलं, नाही. पुन्हा विचारलं, डब्याबरोबर पण नाही? म्हटलं, नाही. तिसऱ्यांदा विचारलं, नक्की ना. या वेळी मी नुसती मान हलवली.

मग तिने वही काढली. माझ्यापुढचं शून्य खोडून तिथे एक लिहिला. नंतर पहिल्या ओळीतला तिचा एक खोडायला घेतला. तो तिने दाबून लिहिला होता, जाता जाईना. कागद फाटला तरी ती खोडत राहिली. मी तिचा हात धरला तेव्हा थांबली.

रडली नाही. बायको रडली, स्वयंपाकघरात.

यादी बंद आहे, वरच्या वर्गातली जागा गेली ती गेली. फॉर्म तरीही उद्या द्यायचा आहे, पुढच्या वर्षासाठी. बायकोने तो स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. मी कप्पा सुचवला नाही.

झोपायला जाण्याआधी भिंगरीने विचारलं, मी हरवला नव्हता हे मॅडमना सांगशील का, आणि वर्गातल्या बाईंना पण. म्हटलं, उद्या सकाळीच. तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग माझ्या ड्रॉवरमधून एक पिवळी चिठ्ठी काढली, त्यावर लिहिलं, ‘दोघींना सांगणे’, आणि उद्याच्या शर्टाच्या बटणाला बांधली. दोरा घरात नव्हता, तिने स्वतःच्या बुटाची नाडी वापरली. सुटू नये म्हणून दोन गाठी मारल्या आहेत.