दहापर्यंत मोजताना

३ फेब्रुवारी

दूध स्त्रीलिंगी! हातसुद्धा! स्पॅनिशवाल्यांनी लिंगं काय चिठ्ठ्या टाकून ठरवली? फोनवर शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "मग आपली खुर्ची ती आणि टेबल ते, हे कुणी ठरवलं?"

वीस तारखेला मुलाखत. परदेशातल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी, सगळं स्पॅनिशमध्ये बोलायचं. सासूबाईंना यातलं अक्षर माहीत नाही. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच—आणि मी अशी चोरासारखी क्रियापदं पाठ करतेय.

५ फेब्रुवारी

अभ्यासाला जागा सापडली! ऑपरेशननंतर सासूबाईंच्या गुडघ्याचा व्यायाम सकाळी मीच घेते. तेव्हा त्या कानातलं यंत्र काढून डबीत ठेवतात. कुशीवर वळलं की ते शिट्टी मारतं म्हणे. मग मी खुशाल मोठ्यानं मोजते—उनो, दोस, त्रेस... थेट दहापर्यंत. पाय उचलला की "दोंदे ले दुएले?" म्हणजे कुठं दुखतंय? सरावाला फुकटचा पेशंट!

१० फेब्रुवारी

नणंदेचा फोन. "आईला मी आनंदानं नेईन गं. पण सांगायचं तू. मी वाईटपणा घेणार नाही."

वा! सांगू तरी काय? तुमचा मुलगा गेला, आता सूनही निघाली?

१२ फेब्रुवारी

'आहे'ला त्यांच्याकडे दोन क्रियापदं. मी नर्स आहे, याला एक. मी दमले आहे, याला दुसरं. बदलणाऱ्या गोष्टींना दुसरं, असं मी पक्कं घोकलं. तर बाई म्हणाल्या, माणूस मेला आहे, यालाही दुसरंच! रागच आला. दोन वर्षं झाली, कुठं काय बदललं? पुस्तक मिटून भांडी घासली.

१६ फेब्रुवारी

व्यायाम चालू असताना सासूबाई एकदम म्हणाल्या, "ओठ काय हलतायत गं तुझे? शिव्या घालतेस का मला?"

कानाशी वाकून ओरडले, "पाढे म्हणतेय!"

हसल्या नाहीत. मान वळवून भिंतीकडे बघत राहिल्या.

१८ फेब्रुवारी

आज सांगणार होते. चहा दिला आणि परत आले. भित्री कुठली!

२० फेब्रुवारी

झाली मुलाखत. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, पेशंट रडायला लागला तर काय म्हणाल? शिकलेले सगळे शब्द पळाले. उरलं एवढंच—"एस्तोय आकी." मी इथंच आहे. त्या मान डोलावून हसल्या.

संध्याकाळी निरोप आला. निवडलं! होकार उद्याच कळवायचाय. उड्या मारायला हव्यात, आणि मी भांडी घासत बसले. 'मी इथंच आहे' म्हणून नोकरी मिळवली आणि इथून पळायची तयारी!

२१ फेब्रुवारी

व्यायामाला बसलो. आज सांगायचंच. सिंको, सेइस, सिएते... पुढं आवाजच फुटेना. त्यांचा पाय तसाच माझ्या हातात.

"ओचो," सासूबाई म्हणाल्या. "नुएवे. दिएस."

उशाजवळची डबी उघडी होती. रिकामी. यंत्र कानातच. पाढ्यांच्या दिवसापासूनच असणार.

"आता दुसरा पाय घे," म्हणाल्या. "आणि निघायचं कधी आहे, ते सांग."